जिवावरचे बोटावर

मोसम नदीच्या काठी आमच्या जिभाऊंचा मळा आहे, मळ्यात विहीर आहे आणि विहिरीवर पाच अश्वशक्तीचे तेलाचे इंजिन आहे. त्या इंजिनाला हँडल मारण्याचा समारंभ ज्याने पाहिला नाही, त्याने नामपूर पाहिले असे निदान मी तरी म्हणणार नाही. प्रातःकाळी जिभाऊ धोतराचा काचा मारतात, डोक्याचा रुमाल सोडून कमरेला आवळतात, चक्राच्या आसपास रेंगाळणारी पोरे, कोंबड्या, शेळ्या आणि सालदार यांना याच क्रमाने हुसकावून लावतात, इंजिनाच्या माथ्यावरचा खटका उचलून आतला दाब मोकळा करतात, आणि मग हँडल अशा बेताने धरतात की चार बोटे व अंगठा ही पाचही भावंडे दांड्याच्या एकाच अंगाला राहावीत. अंगठ्याने पलीकडून वळसा घालून मुठीत शिरायचे नाही, हा त्यांच्या घराण्याचा दंडक आहे. कारण इंजिन एखादे वेळी उलटे मारते, आणि उलटलेल्या हँडलात अडकलेला अंगठा एकटा जात नाही, मनगटाला सोबत घेऊन जातो. चक्रांनी पुरता वेग घेतला की जिभाऊ खटका पाडतात, धुराड्यातून काळा लोट उठतो, 'टुक्-टुक्' असा तो परिचित ध्वनी शिवारभर पसरतो, आणि ते दोन पावले मागे सरून त्या धुडाला नमस्कार करतात. या सर्व विधीत माझ्याकडे आलेले काम म्हणजे वीस पावलांवरच्या बांधावर बसून सुपारी कातरणे.

मी मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनी करून निवृत्त झालेला इसम. हयातभर यंत्रसामग्री म्हणून जी हाताळली ती टाक, दौत, लाखेची मोहोर आणि दप्तरखान्याचे कुलूप एवढीच, व त्यांपैकी कुलूपच तेवढे एकदा पायावर पडले. यंत्र मोठे असते, यंत्र आवाज करते, आणि यंत्रापासून दूर बसावे, एवढेच माझे यंत्रशास्त्र. जे यंत्र मुठीत मावते त्याच्यापासून किती दूर बसावे, याविषयीचे कोणतेही परिपत्रक माझ्या नजरेखालून गेलेले नव्हते. तो प्रसंग माझ्या भाच्याने आणला.

हा भाचा नाशकास कॉलेजात शिकतो आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत आहे. छात्रसेना १९४८ साली स्थापन झाली, १९५० साली तिला हवाई शाखा फुटली, आरंभीच्या दोन पथकांपैकी एक मुंबईस व दुसरे कलकत्त्यास होते, इत्यादी मजकूर तो पहिल्या भाकरीपासून ताकापर्यंत अखंड पुरवीत असतो. या शाखेत मुलांना विमानांच्या लहान प्रतिकृती बांधून उडवायला शिकवतात. त्यातून ओझरला १९६४ पासून मिग विमानांचा कारखाना निघालेला. ज्या मुलाच्या डोक्यावरून मिग जाते त्याच्या डोक्यात आणखी काही राहावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. दिवाळीच्या सुटीत तो एक लांबट पेटी घेऊन आला. तीतून बाल्सा नावाच्या, शेवग्याहूनही हलक्या लाकडाचे, दोन हात लांब पंखांचे एक विमान निघाले, आणि सर्वांत शेवटी, जुन्या बनियनात गुंडाळलेले त्याचे इंजिन. घनफळ अडीच सी.सी., वजन अडीच छटाक, आकार मध्यम कांद्याएवढा. आता नामपुरात कांद्याएवढी वस्तू दाखवून कोणाला थक्क करणे किती दुष्कर आहे, हे बाजार समितीच्या आवारात हंगामात एकदा उभे राहिलेल्याला सांगायला नको. जिभाऊंनी ते तळहातावर घेतले, उलटसुलट पाहिले, हुंगले आणि विचारले, "हाई कितला बिघा भिजाडी?" एकही नाही, असे उत्तर मिळताच त्यांनी ते, लग्नातल्या जावयाने न आवडलेला फेटा परत करावा तसे, दोन बोटांत धरून भाच्याच्या हवाली केले.

मी मात्र हिशेब केला, कारण आयुष्यात तेवढेच एक मला येते. जिभाऊंचे धूड मिनिटाला साडेसहाशे फेरे घेते; हे कांद्याएवढे प्रकरण बारा हजार घेते, म्हणजे सेकंदाला दोनशे. पुढचा लाकडी पंखा टोकापासून टोकापर्यंत नऊ इंच. तेव्हा त्याचे टोक सेकंदाला सुमारे पावणेपाचशे फूट आणि ताशी पाचशे किलोमीटरच्या वर धावते. मालेगावची एस.टी. याच्या दशांश वेगाने आली तरी आपण रस्ता सोडून बाभळीला टेकतो. हा आकडा मी जिभाऊंना वाचून दाखवला. ते म्हणाले, "जाऊ द्या भाऊसाहेब, कांदा तो कांदा."

इंधनाची कथा याहून बिकट. चार भाग मेथॅनॉल आणि एक भाग एरंडेल, असे ते मिश्रण. एरंडेलाचे नाव निघताच घरातली पोरे पांगली, आणि विमानाचे पोट साफ करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आमच्या मातोश्रींनी अगदी गांभीर्याने विचारला. प्रयोजन असे की, साधे खनिज तेल मेथॅनॉलात विरघळत नाही आणि एरंडेल विरघळते. शिवाय इंजिन तापून लाल होण्याची वेळ आली तरी एरंडेल धातूला चिकटून राहते. कॅस्ट्रॉल हे १९०९ सालापासून चालत आलेले नावच मुळी एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून पडले आहे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची इंजिनेही एरंडेलच पीत आणि त्याचा धूर वैमानिकाच्या तोंडावर सोडीत. त्यामुळे त्या शूर पुरुषांना शत्रूखेरीज आणखी एका कारणासाठी लगबगीने जमिनीवर उतरावे लागे, असे सांगतात.

मेथॅनॉल हे मात्र स्पिरिटाच्या जातीचे. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९, हा ज्याने पंधरा वर्षे बारनिशीत नोंदवला, त्याच्याच ओसरीवर स्पिरिटची बाटली उभी राहावी, हा दैवदुर्विलास. बातमी गावठाण ओलांडून गेली, पोलीस पाटील दोनदा सहज म्हणून येऊन गेले, आणि गावातल्या एका कोरड्या घशाच्या गृहस्थाने, विमानाला काय द्यायचे ते द्या, पण तळाशी उरेल त्याची व्यवस्था काय, अशी हलक्या आवाजात चौकशी केली. भाच्याने त्यास स्पष्ट शब्दांत सांगितले की, हे पोटात गेल्यास प्रथम डोळे जातात आणि मागोमाग माणूस. याची ज्वाळा भर उन्हात दिसतसुद्धा नाही, तेव्हा बिडी विझवून बोला. बाटली माझ्या ट्रंकेत कुलूपबंद झाली आणि किल्ली माझ्या करगोट्याला लागली.

इंजिन पेटते कसे, हे मला दोन रात्री समजावण्यात आले. डोक्यावर एक प्लग असतो, त्यात प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे. दीड व्होल्टचा सेल जोडला की वेटोळे लाल होते, आणि एकदा इंजिन सुरू झाले की सेल काढून घेतला तरी मेथॅनॉलाच्या वाफेच्या संगतीने ते लालच राहते. ही युक्ती १९४७ च्या सुमारास अमेरिकेत रे आर्डेन नावाच्या गृहस्थांनी बाजारात आणली. शिफारशीने चिकटलेला माणूस शिफारस करणारा बदलून गेल्यावरही खुर्चीवर तापलेलाच राहतो, हे आम्ही कचेरीत प्लॅटिनमशिवाय पाहिलेले असल्याने, मला तीत नवल वाटले नाही.

मग नियम आले. भाच्याने ते घडाघडा म्हटले आणि मी ते, जन्मजात सवयीने, जाहीरनाम्याच्या भाषेत उतरवून काढले. तमाम मौजे नामपूर येथील लहानथोर रयतेस कळविण्यात येते की, पंखा सुरू करण्यापूर्वी त्याचे मळसूत्र आवळलेले आहे व पात्यास तडा अथवा खाच नाही याची खातरजमा करण्यात यावी, आणि खाच आढळल्यास पाते घासूनपुसून चालवू पाहणे हा काटकसरीचा नव्हे, आत्मघाताचा प्रकार समजण्यात यावा. विमान एका इसमाने मागून दोन्ही हातांनी घट्ट धरावे. पंख्याच्या समोर कोणी उभे राहू नये, आणि बाजूस तर मुळीच राहू नये. कारण पाते तुटल्यास ते समोर न जाता, गोफणीतल्या दगडाप्रमाणे, फिरण्याच्याच पातळीत बाजूस सुटते. सेल सर्वांत शेवटी जोडावा. उपरणे, सुटा रुमाल, लोंबती बाही, धोतराचा सोगा व गळ्यातील माळ यांस त्या परिसरात मज्जाव आहे. इंजिन सुरू होताच सर्व व्यवहार, म्हणजे सेल काढणे, सुईची चावी फिरवून तेल कमीजास्त करणे, हे पंख्याच्या मागील बाजूस जाऊन करावेत; पंख्यावरून हात पलीकडे नेणाऱ्याचा हात सरकारजमा होईल. बंद करणे असल्यास तेलाची नळी चिमटीत दाबावी. पंख्यावर फडके, टोपी किंवा गवताची पेंढी टाकू नये.

बोटांविषयी एक स्वतंत्र कलम होते. बोटाने पंखा मारायचा नाही. त्यासाठी सायकलच्या मुठीचे रबर चढवलेला एक वीतभर लाकडी दांडा भाच्याने करून आणला होता. इंग्रज म्हणे याला कोंबडीची काठी म्हणतात, म्हणजे भेकडाची. आमच्याकडची कोंबडी इतकी बदनाम नाही; भित्र्याला आम्ही भागूबाई म्हणतो, तेव्हा मी जाहीरनाम्यात 'भागूबाईचा दांडा' असा शब्द योजला, आणि तेथेच चूक झाली. त्या नावामुळे गावातला एकही मर्द तो दांडा हाती धरायला तयार होईना.

प्रयोगाची जागा म्हणून खळे मुक्रर झाले. बाजरी निघून गेलेली, खळे सारवलेले, खडा नाही, वाळू नाही. पंखा खडे उचलून डोळ्यांत फेकतो म्हणून जमीन अशीच लागते, आणि ती मला फुकट मिळाली याचा भाच्याला हेवा वाटला. त्याचे विमान दोरीचे, म्हणजे साठ फूट लांबीच्या दोन बारीक पोलादी तारांना बांधलेले. मध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या मुठीत तारांची मूठ, आणि विमान त्याच्याभोवती गरगर फिरायचे. हे ऐकून गावाला प्रथमच काहीतरी उमजले. तिवड्याभोवती बैलांची पात फिरते तसेच हे. फक्त येथे तिवडा भाच्याने व्हायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर अर्धे गाव लोटले. मी जाहीरनामा वाचला. तो ऐकून सगळे शांतपणे विमानाच्या नेमक्या तोंडासमोर जाऊन बसले, कारण पाहुण्याच्या पाठीमागे बसणे हे रीतीला धरून नाही. मागे या, अशी विनवणी केली असता एक वृद्ध म्हणाले की, तोंड दिसत नसेल तर मग आलो कशाला? शेवटी पंचवीस पावलांवर फक्कीची रेघ मारून तडजोड झाली. विमान धरायला भाच्याचा एक मित्र बसला. भाच्याने हवेच्या तोंडावर बोट ठेवून पंखा हाताने दोन-तीनदा सावकाश फिरवला, म्हणजे इंजिनाने तेलाचा घोट घेतला, मग सेल जोडला आणि दांड्याने टोला दिला. काही नाही. दुसरा, तिसरा, बारावा. काही नाही. सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एकाने नारळ फोडा म्हटले, एकाने तेलात थोडे रॉकेल घाला म्हटले, आणि जिभाऊ उठून काचा मारू लागले.

भाच्याने अधीर होऊन आणखी तेल पाजले, तो पंखा मध्येच खुंटला. घोट जास्त झाला होता. "याला हँडल मारू," असे म्हणत जिभाऊंनी पंजा पुढे केला, तेव्हा भाचा अक्षरशः आडवा पडला. वाफ दबते, द्रव दबत नाही. आत तेल साचले असताना जोर केला तर इंजिनाच्या आतली दांडी वाकते. त्याने प्लग काढला, विमान पालथे करून साचलेले तेल काढून टाकले, प्लग पुसून पुन्हा बसवला. हे सर्व करताना त्याने सेल आधी काढून ठेवला होता, हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण त्या खळ्यावर त्या दिवशी जाहीरनामा पाळणारा तो एकटाच होता.

पुढच्या टोल्याला इंजिन सुरू झाले. पण कसे? उलटे! ही इंजिने इतकी निरिच्छ असतात की सुलट-उलट दोन्ही दिशांना सारख्याच आनंदाने फिरतात. पंख्याचा वारा मागे जायचा तो पुढे आला, खळ्याच्या कडेला पडलेला भुसा उठला आणि पुढच्या रांगेतील प्रतिष्ठित मंडळींच्या मिशांत, पागोट्यांत व तपकिरीच्या डब्यांत समप्रमाणात वाटला गेला. धूळ खाली बसताच एका आजोबांनी विचारले, "हाई उफणणीले चाली का?" वारा पडला म्हणजे टोपली डोक्यावर धरून तिवईवर ताटकळणाऱ्या माणसाला तो प्रश्न किती स्वाभाविक होता! मला वाटते, त्या क्षणी कोणी हो म्हटले असते तर विमानविद्येला बागलाणात फार मोठा आश्रय मिळाला असता.

भाच्याने नळी दाबून ते बंद केले, पुन्हा टोला दिला, आणि या खेपेस ते सुलट सुरू झाले. कर्कश, अखंड, कानात दाभण शिरावे तसा आवाज. आणि एक चमत्कार: पंखा नाहीसा झाला. लाकडाची दोन पाती डोळ्यांदेखत विरघळून गेली आणि त्यांच्या जागी काहीच उरले नाही. फक्त टोकांना भाच्याने लावलेल्या पिवळ्या रंगाचे एक फिकट वलय, शोभेसाठी काढल्यासारखे. तो रंग पंख्याची हद्द दिसावी म्हणून असतो, हे मला नंतर सांगण्यात आले. एरंडेलाचा तो गोडसर जळका वास दरवळला, भाचा मागच्या बाजूला जाऊन सेल काढू लागला, आणि लोक फक्कीची रेघ ओलांडून पुढे सरकले, कारण जे दिसत नाही त्याला भिणार कोण? इतक्या इवल्याशा गोष्टीचा वारा लागतो तरी किती, हे पाहायला एक पोर हात पुढे करून धावले.

मी बंदोबस्ताचा अधिकारी. माझ्या कर्तव्यबुद्धीने उसळी घेतली. मी विमानाच्या बाजूस, म्हणजे जाहीरनाम्यात 'मुळीच' या शब्दाने वर्ज्य केलेल्या जागी, उडी घेऊन उभा राहिलो, पोराला डाव्या हाताने मागे ढकलले, आणि ज्या आवाजाने मी तीस वर्षे अर्जदारांना बाकावर बसवले त्याच आवाजात गरजलो, "हा पंखा दिसत नसला तरी येथे आहे! येथे कोणीही बोट नेऊ नये!" आणि 'येथे' म्हणजे नेमके कोठे, हे रयतेस निःसंदिग्धपणे कळावे, म्हणून मी उजव्या हाताच्या तर्जनीने ते दाखवले.

टक् असा एक किरकोळ आवाज झाला. वेदना लगेच झाली नाही. आधी फक्त आश्चर्य वाटले.

आपल्या मुंबापुरीत चौपाटीवर १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले, अशी एक कथा सांगतात, आणि ती खरी की खोटी यावर विद्वानांचे वाद चालू असतात. माझी त्या कथेबद्दलची शंका त्या दिवसापासून निराळीच आहे. विमान किती उंच गेले, कोण कोण पाहायला होते, सगळे सांगतात. कोणाचे बोट गेले हे कोणीच सांगत नाही. जेथे बोट गेल्याची नोंद नाही तेथे इंजिन होते, हे मी आता मानीत नाही.

दवाखान्यात तीन टाके पडले, नख अर्धे गेले, हाड शाबूत राहिले. कंपाउंडरने रजिस्टर उघडून नाव, वय, गाव लिहिले आणि 'इजेचे कारण' या रकान्यावर टाक थांबवला. "कशाने लागलं, भाऊसाहेब?" मी खोटे लिहून घेण्याच्या विरुद्ध आहे. म्हणालो, "विमानाने." त्याने वर पाहिले, माझ्या चेहऱ्यावर चेष्टेचा लवलेश नाही अशी खात्री करून घेतली, आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: 'विमान-अपघात. जखमी एक.'

त्या दप्तरातून ती बातमी कशी बाहेर पडली ते मला ठाऊक नाही, पण दुपारच्या गाडीने ती सटाण्याला पोचली आणि संध्याकाळच्या गाडीने माझी थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आई, डोळ्यांना पदर लावून नामपूरच्या स्टँडवर उतरली. तिला वाटेत कोणी तरी सांगितले होते की ओझरचे मिग मोसमच्या पात्रात कोसळले आणि भाऊसाहेब त्याच्याखाली सापडले. माझे बांधलेले बोट पाहून तिला जो संताप आला तो मी अख्खा सापडलो नाही याबद्दलचा होता, असा माझा समज आहे. भाच्याचे विमान मात्र त्याच संध्याकाळी खळ्यावर सुरेख उडाले. तिवड्यासारखा तो मध्ये उभा, आणि विमान त्याच्याभोवती ऐंशीच्या वर फेऱ्या मारून, तेल संपताच, सारवलेल्या जमिनीवर अलगद टेकले. मी ते घराच्या माळवदावरून पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात गेलो. जिभाऊंनी काचा मारला, रुमाल कमरेला आवळला, पोरे, कोंबड्या, शेळ्या आणि सालदार यांना हुसकावले, खटका उचलला, आणि हँडलला हात घालता घालता थबकले. त्यांनी मान वळवून बांधाकडे पाहिले. मी माझ्या नेहमीच्या जागी, वीस पावलांवर, बांधलेली तर्जनी उभी धरून उरलेल्या बोटांनी अडकित्त्यात सुपारी बसवीत होतो.

हँडल सोडून ते पाटाच्या कडेने चालत आले आणि माझ्या हातातला अडकित्ता काढून घेऊन कमरेच्या रुमालात खोवला. मग सालदाराला हाक मारून म्हणाले, "भाऊसाहेबांना आंब्याखाली नेऊन बसव. आणि सुपारी घरून फोडून आण."